सहृदयासाठी एक हूल

देपालपूरच्या त्या ओसरीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री पत्ते बसतात, तेव्हा मावशी आपल्या तीन पानांना हात लावत नाही. वाटणाऱ्याने पानं पुढ्यात टाकली की ती त्यांच्यावर आपला पितळी पानाचा डबा ठेवते, जणू पानं वाऱ्याने उडू नयेत एवढीच तिला त्यांची काळजी. मग ढिगातला एक चिंचोका दोन बोटांत धरून मध्ये सरकवते आणि कुणाकडेही न बघता म्हणते, ‘ब्लाइंड.’ डब्याचं झाकण उघडतं, सुपारी कातरली जाते, चुना लागतो, विडा जमतो, आणि तेवढ्या अवधीत तिच्या डाव्या हाताला बसलेल्या माणसाच्या कपाळावर घाम जमतो. तीन पत्तीचा नियम आपल्याला ठाऊकच आहे: न बघता खेळणाऱ्याने एक टाकला, तर बघून खेळणाऱ्याला दोन टाकावे लागतात. अज्ञानाला सवलत आणि ज्ञानाला दुप्पट कर, असा हा विलक्षण कायदा. आणि मावशी, जी आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली, ती या कायद्याचा फायदा वर्षानुवर्षं अशा निर्विकार चेहऱ्याने घेत आली आहे, की नवखा माणूस तिला भोळी समजतो आणि दहा वाजायच्या आत आपले सगळे चिंचोके तिच्याकडे देऊन फराळाच्या ताटाकडे वळतो.

इंदूरहून वायव्येला चाळीसेक किलोमीटरवरचं हे तालुक्याचं गाव. सोयाबीन निघून गेलेली काळी शेतं गव्हाच्या पेरणीची वाट बघत असतात, हवेत नुकती कुठे थंडी चढत असते. पैसे लावायचे नाहीत हा घराचा दंडक असल्यामुळे वर्षभर चिंचा फोडून जमवलेल्या चिंचोक्यांना त्या रात्री मोहरांचं मोल येतं. मी इथे पाहुणा म्हणून जातो, खेळतो, हरतो. पण हरता हरता काही वर्षांनी मला मावशीच्या खेळाची गोडी लागली. चांगल्या गवयाच्या समोर बसलेल्या तंबोऱ्यावाल्याला लागते तशी ती गोडी होती. आपल्याला गाता येणार नाही हे कळून चुकलेलं असतं, पण प्रत्येक जागा कुठून आली आणि कुठे गेली हे ऐकू यायला लागलेलं असतं.

पोकर खेळणाऱ्यांच्या बोलीत अशा खेळाडूला तीन विशेषणं आहेत. तो सैल असतो, म्हणजे बहुतेक डावांत उतरतो. पान बरं की वाईट याची फार चिकित्सा करत नाही. तो आक्रमक असतो, म्हणजे उतरला की नुसता मागोमाग चालत नाही, रक्कम वाढवतो, समोरच्याला प्रत्येक वळणावर किंमत विचारतो. आणि तो विचारी असतो. पहिली दोन विशेषणं कुठल्याही उधळ्या माणसाला लागू पडतील. जत्रेत अशी माणसं शेकड्याने भेटतात आणि सूर्य मावळायच्या आत रिकाम्या खिशाने परततात. त्यांच्यासाठी औषधही सोपं आहे: चांगलं पान येईपर्यंत थांबावं, आलं की त्यांना खुशाल वाढवू द्यावं. आपण थोडं थांबू या तिसऱ्या विशेषणापाशी. विचारी माणूस आपल्या पानांबरोबर आपल्यालाही खेळत असतो. आपण कधी थांबतो, किती वेळ घेतो, घाबरल्यावर कुठल्या हाताने चिंचोके चाळवतो, हे त्याच्या वहीत नोंदलं गेलेलं असतं. आणि आपण ‘आता चांगलं पान येईपर्यंत थांबू’ असं मनाशी ठरवलं, की दोन डावांत ते त्याच्या लक्षात येतं आणि मधल्या काळातले सगळे लहान लहान ढीग तो हसत हसत उचलून नेतो. थांबणाऱ्याला शेवटी मोठं पान येतंही, पण ते आल्यावर हा विचारी खेळाडू पान खात खात बाजूला होतो.

म्हणजे आवळून घेणं हे औषध चालत नाही. दुसरं औषध माणसं रागाच्या भरात घेतात: तोही वाढवतो, मीही वाढवीन. तेही चालत नाही, कारण गतीच्या खेळात त्याचा जन्म गेलेला असतो आणि आपण आजच आलेलो असतो.

या दोन्ही औषधांची फसगत माळव्याच्या मातीने फार मोठ्या पटावर पाहिलेली आहे, आणि देपालपूरच्या ओसरीत बसून ती न आठवणं मला तरी जमत नाही. १८०४ च्या पावसाळ्यात कर्नल विल्यम मॉन्सन कंपनीच्या पलटणी घेऊन मुकुंदऱ्याच्या घाटातून या बाजूला उतरला. समोर यशवंतराव होळकर. पोकरच्या टेबलावरची तीनही विशेषणं ज्यांच्यापाशी हात जोडून उभी राहावीत असा माणूस: घोड्याच्या पाठीवर घर, आज इथे तर परवा दीडशे मैलांवर, प्रत्येक ठिकाणी किंमत वाढवणारा, आणि त्या सगळ्या धावपळीमागे थंड डोक्याने शत्रूची शिदोरी मोजणारा. मॉन्सनने आधी पुढे येण्याचा उत्साह दाखवला, हिंगलाजगड घेतला. गुजरातेकडून यायची मदत येत नाही आणि धान्य सरत चाललं आहे हे कळल्यावर, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, तो मागे फिरला. इथे खेळ जाणणारा माणूस डोळे मिटून घेतो. मध्यम प्रतीचं पान घेऊन, आधाराशिवाय, जिथे बोलायची पाळी आधी आपली आहे अशा जागी उतरायचं, दोन फेऱ्या पैसे भरायचे आणि तिसऱ्या फेरीला पान टाकायचं: आक्रमक खेळाडूचा प्रपंच चालतो तो नेमका अशाच पाहुण्यांवर. काळ्या मातीच्या चिखलात तोफा रुतल्या, त्या सोडून द्याव्या लागल्या. देपालपूर तालुक्यातून वाहत जाणारी हीच चंबळ खाली हाडौतीत फुगून आडवी आली, मग बनास आली. आणि ऑगस्टअखेर आग्र्याला पोचले ते एका फौजेचे अवशेष होते. आपलं मन अर्थातच यशवंतरावांच्या घोड्याबरोबर धावत असतं, आणि धावू द्यावं. पण रसिकाला हरलेल्या हातातही रस असतो. त्याच सप्टेंबरात इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीने एका अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात या माघारीची चिरफाड केली आहे: कामाला पुरेल एवढीच नव्हे तर निश्चित पुरेल अशी फौज हवी, धान्याचा साठा मित्रराजांच्या भरवशावर सोडता कामा नये, पावसात फुगणारी नदी ओलांडताना मागे तिच्यावर नावा आणि ठाणं असलं पाहिजे. पत्र रणनीतीचं आहे, पण ते वाचताना मला ओसरीतला चिंचोक्यांचा ढीग दिसतो: डावात उतरण्यापूर्वीच, पुढच्या तीन फेऱ्यांचे चिंचोके बाजूला काढून ठेवले आहेत का?

आणि कंपनीचा सरसेनापती जनरल लेक याने नोव्हेंबरात काय केलं? पायदळाचा मोठा भाग आणि जड तोफा मागे ठेवल्या, स्वार आणि घोडतोफा घेऊन तो यशवंतरावांच्याच वेगाने त्यांच्या मागे धावला आणि १७ नोव्हेंबर १८०४ च्या पहाटे फर्रुखाबादेजवळ त्यांच्या छावणीवर जाऊन पडला. आपल्याला आवडो न आवडो, ही जमलेली चाल आहे. त्याने खेळाडू बदलला नाही, ओझं बदललं. मात्र त्यानंतर तोच लेक भरतपूरच्या तटाखाली चार वेळा हल्ला करून चार वेळा परतला, हेही सांगितलं पाहिजे. एक चाल जमली म्हणून ती सगळ्या टेबलांवर जमते असं नाही.

पण मला आज ज्या एका डावापाशी आपल्याला घेऊन बसायचं आहे तो माळव्यातला नाही. तो लास व्हेगासमधला आहे, २००३ च्या मे महिन्यातला, बिनियन्स हॉर्सशू नावाच्या जुन्या जुगारघरातला. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत दहा-दहा हजार डॉलर प्रवेशशुल्काचे ८३९ खेळाडू उतरले होते, आणि आता दोघेच उरले होते. एकीकडे सॅम फारहा: लेबनॉनमध्ये जन्मलेला, न पेटवलेली सिगरेट ओठात ठेवून बसणारा, मोठमोठ्या रकमांच्या टेबलांवर सैल आणि आक्रमक खेळासाठी ओळखला जाणारा मुरब्बी. दुसरीकडे टेनेसीचा एक हिशेबनीस, इंटरनेटवरच्या ८६ डॉलरच्या पात्रता फेरीतून इथवर आलेला, नाव ख्रिस मनीमेकर. आडनाव खरं आहे. एखाद्या कादंबरीकाराने ते ठेवलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

खेळाची रीत तीन वाक्यांत सांगून टाकतो. प्रत्येकाला दोन पानं झाकलेली मिळतात. टेबलावर पाच पानं उघडी पडतात, आधी तीन एकदम, ती फ्लॉप, मग एक, तो टर्न, मग शेवटचं, ते रिव्हर. सातांतली उत्तम पाच ज्याची वरचढ त्याचा डाव, आणि प्रत्येक टप्प्यावर रक्कम लावायची, वाढवायची किंवा पान टाकायची मुभा. आता बघा. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामाची सत्ती. फारहाकडे इस्पिकची राणी आणि बदामाची नव्वी. म्हणजे राजाच्या घरी सत्ती नांदते आहे आणि राणीच्या घरी नव्वी. दोन्ही संसार बेताचेच. मनीमेकरने एक लाखावर नेलं, फारहा मागोमाग आला.

फ्लॉप पडली: इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की. फारहाला नव्वीची जोडी लागली, टेबलावरच्या सगळ्यांत मोठ्या पानाची जोडी. आणि इथे पहिला सूक्ष्म तपशील आहे, जो चित्रफीत पहिल्यांदा बघताना माझ्या हातून निसटला होता: फारहा काहीच बोलला नाही. आयुष्यभर वाढवत आलेला माणूस जोडी लागल्यावर गप्प बसला, कारण त्याला समोरच्याकडून रक्कम यायला हवी होती. मनीमेकरकडे तर काहीच नव्हतं. तोही गप्प बसला. दोन मौनं एकाच क्षणी टेबलावर पडली, एक भरलेलं आणि एक रिकामं, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखी दिसत होती. संगीतात दोन आवर्तनांच्या मधली अशी एखादी मोकळी मात्रा असते. तिच्यात काही वाजत नाही, पण पुढची तिहाई तिच्याच जागेवर उभी राहते.

टर्न आला: इस्पिकची अठ्ठी. आता या एका पानाकडे आपण जरा निवांत पाहू, कारण या पानाने टेबलाचा सगळा उजेडच बदलला. उघड्या चारांत तीन इस्पिक झाली. ज्याच्या हातात दोन इस्पिक असतील त्याचा रंग पुरा झाला. शिवाय छक्की, अठ्ठी, नव्वी जवळ जवळ. कुणाकडे योग्य दोन पानं असली तर त्याची रनही पुरी. मनीमेकरच्या हातात राजा इस्पिकचा, म्हणजे रंगाला एकच पान कमी. सत्तीमुळे छक्कीपासून नव्वीपर्यंतची साखळी जुळली, म्हणजे रनलाही एकच पान कमी. दोन्ही हात पाहणाऱ्याने मोजलं तर उरलेल्या ४४ पानांपैकी १७ पानं त्याला वर काढणारी होती: आठ इस्पिक, इतर रंगांचे पंजे आणि दश्श्या मिळून सहा, आणि तीन राजे. फारहाने तीन लाख लावले. मनीमेकरने ते आठ लाखांवर नेले.

या आठ लाखांत काय काय बांधलेलं आहे! आधीची गप्प बसलेली फेरी आता अर्थपूर्ण झाली. हातात दोन इस्पिक असलेला सावध हिशेबनीस फ्लॉपला काय करेल? गप्प बसेल. तिसरं इस्पिक आल्यावर काय करेल? वाढवेल. गोष्ट मागे जाऊन स्वतःचा पूर्वार्ध शोधते आहे, आणि तो तिथे तयार आहे. सैल हाताच्या खेळाडूपुढे नुसतं मोठ्याने बोलून भागत नाही; तो रोज मोठ्याने बोलणाऱ्यांत राहतो. त्याच्यापुढे सुसंगत बोलावं लागतं.

आणि आता फारहाचं उत्तर. त्याने आठ लाख भरले, पण वाढवले नाहीत. माझ्या मते सबंध डावाचा मर्मबिंदू हा आहे, शेवटची गाजलेली चाल नव्हे. ज्या माणसाची ख्याती वाढवण्याची, त्याने नुसतं भरणं हा कबुलीजबाब असतो. त्याच्याकडे पुरा रंग असता, पुरी रन असती, तर अशा धोकादायक टेबलावर तो स्वस्थ बसला असता का? सावध माणसाच्या मौनातून काहीच कळत नाही, कारण ते त्याचं रोजचं आहे. आक्रमक माणसाचं मौन मात्र एकदम उठून दिसतं, पांढऱ्या भिंतीवरून चित्र काढून नेल्यावर उरलेल्या चौकोनासारखं. त्याच्या वेगाला भिणाऱ्यांना हा चौकोन दिसत नाही. ज्याला दिसला त्याला खेळ बदलण्याची जागा सापडली: समोरच्याकडे काहीतरी आहे, मध्यम आहे, आणि त्याला स्वतःलाही ते मध्यम असल्याचं टोचतं आहे.

रिव्हर पडली: बदामाची तिर्री. इतकं निरुपयोगी पान गड्डीत शोधूनही सापडलं नसतं. रंग नाही, रन नाही, जोडीही नाही. मनीमेकरच्या हातात नुसता राजा उरला, ओसाड गढीत एकटाच उरलेल्या जहागीरदारासारखा. फारहाने पाळी पुढे ढकलली. मध्ये अठरा लाखांच्या वर नाणी साचलेली होती. इथे गप्प बसलं असतं तर डाव हरला असता, पण स्पर्धा चालू राहिली असती; हिशेबनिसाच्या शहाणपणाने तेच करायला हवं होतं. मनीमेकरने सगळं मध्ये लोटलं. ऑल-इन.

मग ते मिनिट. टोपी, काळा चष्मा, आणि त्यामागे एक न हलणारा चेहरा. फारहा त्याच्याकडे बघतो, बोलून पाहतो. बोलणं हेही त्याचं हत्यार आहे, समोरच्याच्या ओठाच्या कोपऱ्यात काही थरथरतं का हे पाहण्याचं. आणि तो बोलता बोलता म्हणून जातो की तुझा रंग हुकलेला दिसतो. आपण घरबसल्या दोन्ही हात पाहत असतो, टेबलाच्या कडेत बसवलेल्या कॅमेऱ्यांची ही कृपा, आणि आपला श्वास अडकतो, कारण त्याने सत्य अचूक ओळखलं आहे, मोठ्याने उच्चारलंही आहे. एक शब्द पुरे, स्पर्धा जवळपास त्याची. आणि तो पान टाकतो. नव्वीची जोडी उलटी होऊन पुढे सरकते.

सत्य कळलं, तोंडावाटे बाहेरही आलं, आणि तरी मनाने मानलं नाही. अशा क्षणाला दुःख म्हणावं की सौंदर्य, मला अजून ठरवता आलेलं नाही. समालोचक नॉर्मन चॅडने या खेळीला शतकातली हूल म्हणून टाकलं. शतकाला तेव्हा जेमतेम दोन-तीन वर्षंच झाली होती, आणि हा विनोद तोच करत होता. आता आपण त्या टेबलावर फारहाच्या जागी एखादा उधळ्या, सैल, आक्रमक पण अजिबात विचार न करणारा माणूस बसवून पाहू. त्याने काय केलं असतं? ‘नव्वीची जोडी आहे बुवा, बघू तरी’ म्हणून सगळं भरलं असतं आणि जिंकला असता. मनीमेकरची एवढी नाजूक बांधणी त्याच्यापुढे मातीला मिळाली असती, कारण त्याने ती वाचलीच नसती. गप्प फेरी, तिसरं इस्पिक, आठ लाख, आणि शेवटी सर्वस्व: ही चार वाक्यं ओळीने वाचून त्यांच्यातून ‘याच्याकडे रंग आहे’ हा ध्वनी ऐकू येण्यासाठी समोर वाचणारा हवा.

आपल्या काव्यशास्त्राने या वाचणाऱ्याला फार सुंदर नाव दिलं आहे: सहृदय. अभिनवगुप्ताच्या लेखी काव्य एकट्या कवीपाशी पुरं होत नाही. ज्याच्या मनाचा आरसा वाचून वाचून लख्ख झाला आहे अशा माणसाच्या हृदयात ते पुरं होतं. हूल हीही तशीच. तिला सहृदय लागतो. विचारी प्रतिस्पर्ध्याचं भय वाटणारे लोक एवढंच विसरतात, की अख्ख्या टेबलावर ज्याला गोष्ट सांगता येईल असा तोच एकटा आहे. मूर्खाला फक्त पान दाखवता येतं. आणि गंमत बघा, द्यूताच्या विद्येचं आपलं जुनं नावही हृदयावरूनच आहे. नळाने पुष्करापुढे राज्य घालवलं, बाहुक होऊन ऋतुपर्णाचे घोडे हाकले, आणि वाटेतल्या एका बेहड्यापाशी त्या राजाने पानं-फळं नजरेने मोजून दाखवल्यावर अश्वहृदयाच्या बदल्यात अक्षहृदय मागून घेतलं. मग तो परत गेला आणि पुष्कराशी पुन्हा खेळला. बेहड्याच्याच फळांचे फासे करण्याची प्राचीन रीत होती. म्हणजे त्या झाडाखाली मोजणं आणि खेळणं एकाच फांदीला लटकत होतं. मला त्या कथेत नेहमी वाटतं, की अक्षहृदय म्हणजे फाशांची नुसती गणना नसावी. गणना तर मावशीलाही येते.

गणना मात्र सोडून चालत नाही, हेही खरं. फॉन नॉयमनने १९२८ साली खेळांच्या गणिताचा पाया घातला आणि मॉर्गेनस्टर्नबरोबर १९४४ साली जो ग्रंथ काढला, त्यात पोकर आणि त्यातली हूल यांना स्वतंत्र जागा दिली. त्याच्या गणितातून निघालेली एक गोष्ट मला फार रसाळ वाटते: हूल केवळ दुबळ्या पानावर डाव मारण्यासाठी नसते, आपण कधीमधी खोटं बोलतो हे समोरच्याला ठाऊक असलं तरच तो आपल्या खऱ्या पानालाही पैसे भरतो. व्हेगासच्या त्या स्पर्धेचा शेवटचा डाव जणू याच वाक्याचं उदाहरण म्हणून पडला. मनीमेकरकडे पंजा आणि चौकी, फारहाकडे गुलाम आणि दश्शी. फ्लॉपला गुलाम, पंजा, चौकी. फारहाची पुन्हा तीच अवस्था, टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पानाची जोडी. मघाशी अशाच जोडीवर तो मागे हटला होता. या खेपेला हटला नाही; सगळी नाणी फ्लॉपवरच मध्ये गेली. मनीमेकरची दोन जोड्यांची पानं या वेळी खरी होती, आणि रिव्हरला आणखी एक पंजा येऊन ती भरभक्कम झाली. २५ लाख डॉलरांचं पहिलं बक्षीस हिशेबनिसाकडे गेलं. पहिली हूल आणि दुसरं सत्य यांच्यामध्ये जो धागा आहे तो मला दिसतो; फारहाला दिसला का, हे त्याचं त्याला माहीत.

लक्ष्मीपूजनानंतरच्या पाडव्याला देपालपूरकरांची पावलं गौतमपुऱ्याकडे वळतात. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंचं नाव वागवणारं हे गाव याच तालुक्यात आहे, आणि तिथे सांजेला हिंगोटांचं युद्ध होतं. हिंगणबेटाची फळं कोरून, वाळवून, आत दारू ठासून, तोंड मातीने बुजवून, दिशा राहावी म्हणून बांबूची काडी बांधलेली असते. एका हातात ढाल, खांद्याला हिंगोटांची झोळी, दुसऱ्या हातात धुमसती काठी. देवनारायणाचं दर्शन घेऊन दोन पक्ष मैदानाच्या दोन टोकांना उभे राहतात. माणसं भाजतात, जखमी होतात, २०१७ मध्ये एकाचा जीवही गेला. मी त्याचं कौतुक करायला बसलेलो नाही. मला त्यातला एकच तपशील हवा आहे, तो म्हणजे पक्षांची नावं. गौतमपुऱ्याचे तुर्रा, रुणजीचे कलगी. मराठी कानाला ही नावं ऐकताच डफ ऐकू येतो. आपल्या शाहिरांचा कलगी-तुरा हाच: एकाने शक्तीचा पक्ष घ्यायचा, दुसऱ्याने शिवाचा, आणि रात्रभर सवाल-जवाब. ज्याने सवाल टाकला त्याचीच चाल पकडून, त्याच्याच कोड्यात शिरून जबाब द्यायचा. आपल्या खिशातलं तयार कवन कितीही सुरेख असलं तरी ते इथे उत्तर ठरत नाही. फडावरचा जाणता शाहीर समोरच्याच्या हुशारीहून एकच पायरी वर चढतो. दोन चढला तर त्याचा जबाब कुणाला कळत नाही, आणि जो जबाब कळला नाही तो हरलाच.

एकच पायरी. हा मंत्र घेऊन मी परवाच्या दिवाळीत त्या ओसरीत बसलो. आधी जागा बदलली. इतकी वर्षं मी मावशीच्या उजव्या हाताला बसायचो, कारण तिथे घाम येत नाही. पण तिथे माझी पाळी तिच्या आधी येते, म्हणजे अंधारात मीच पहिला बोलतो. या खेपेला डावीकडे सरकलो, ती बोलल्यावर बोलायला. तिने भुवई किंचित उचलून नोंद घेतली. मग दोन डाव मी पानं बघून गुपचूप टाकून दिली, एकदा तर बरी जोडी होती तीसुद्धा. तिसऱ्या डावाला मला इस्पिकची दुर्री, चौकटचा पंजा आणि किलवरची नव्वी आली. याहून दरिद्री तीन पानं त्या रात्री कुणाला आली नसतील.

मावशी ब्लाइंड. मी भरलं. पुन्हा ब्लाइंड. मी शांतपणे चाल दुप्पट केली. एकेक करून बाकीची मंडळी पॅक झाली. कुणी करंजी उचलली, कुणी मुलांना फटाक्यांपासून लांब राहायला सांगायला अंगणात गेलं. मावशीने आणखी एक चिंचोका उचलला, बोटांत फिरवला, आणि परत खाली ठेवला. मग मी तिथे जायला लागल्यापासून पहिल्यांदाच तिने डाव चालू असताना पितळी डबा उचलून बाजूला ठेवला आणि आपली तीन पानं बघितली. बराच वेळ बघितली. मग माझ्याकडे. मग माझ्या बसायच्या जागेकडे.

‘दोनदा गप्प बसलास,’ ती म्हणाली, ‘आणि जोडी टाकलीस त्यातल्या एकदा. हो ना रे?’

मी काही बोललो नाही. लामणदिव्याची वात तिने नखाने जरा पुढे सारली.

‘घे,’ ती म्हणाली, आणि तिने आपली पानं उलटीच उचलून गड्डीच्या मध्ये खुपसली. पलीकडून कुणीतरी ‘काय होतं गं?’ म्हणत हात पुढे केला, पण तोवर ती पत्ते पिसायला लागली होती. मी चिंचोके ओढून घेतले. तिने वाटायला सुरुवात केली, स्वतःसमोर तिसरं पान पडल्यावर डबा पुन्हा त्यांच्यावर ठेवला, आणि सुपारीसाठी अडकित्ता शोधू लागली.